सत्याची चिठ्ठी

दुर्गुण माणूस स्वतःच्या आवडीने निवडतो, म्हणून ते त्याच्या अंगाला बरोबर बसतात. सद्गुण मात्र बहुधा दुसऱ्याने माप घेऊन शिवलेला असतो. तो काखेत काचतो, गुडघ्यावर आखूड होतो आणि तरीही चारचौघांत मिरवावा लागतो. हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही चिठ्ठी उचलून.

१९८३ सालचा श्रावण होता. मी मोहाडीच्या तहसील कचेरीत आवक-जावक कारकून होतो. आमच्या गल्लीत मधुकरराव नावाचे निवृत्त मुख्याध्यापक राहत. पस्तीस वर्षं पोरांना सुधारून झाल्यावर हाताशी पोरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी मोठ्यांना सुधारायचं मनावर घेतलं आणि ‘सद्गुण मंडळ’ काढलं. कल्पना साधी होती. लोक श्रावणात वांगी सोडतात, कांदा सोडतात. त्याऐवजी प्रत्येकाने एकेक सद्गुण महिनाभर धरायचा. कोणी कोणता धरायचा यावरून भांडणं नकोत, म्हणून पितळेच्या तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

धान्याचे व्यापारी बाबूलालशेठ यांना मौन आलं. त्या महिन्यात त्यांच्या काट्याबद्दल कोणी काही विचारलं की ते आकाशाकडे बोट दाखवत, आणि गिऱ्हाईकच ओशाळून ‘शेठचं व्रत हाये’ म्हणत पिशवी उचलून निघून जाई. ठेकेदार ताराचंद यांना नम्रता आली. पोस्टमन भैय्यालालला परोपकार आला. तो म्हणाला, “हे तं मी पगारावर करूनच राहिलो.” मधुकररावांनी चिठ्ठी उचललीच नाही. त्यांनी आपण होऊन निरहंकार घेतला आणि तसा फलक रंगवून घराच्या दर्शनी भिंतीवर लावला.

माझ्या चिठ्ठीत ‘सत्य’ निघालं.

बैठकीत एकदम शांतता पसरली. दवाखान्यात डॉक्टर कागद पाहून गप्प झाला की नातेवाइकांमध्ये पसरते तशी.

“बदलून घ्या बाबू,” भैय्यालाल हळूच म्हणाला. “तुमची कचेरीतली नोकरी हाये.”

“माही नम्रता घ्या,” ताराचंद म्हणाले. “मले तशी ते जराशी घट्टच होऊन राहिली.”

शेठ मौनात होते, त्यांनी फक्त कपाळाला हात लावला. एवढ्या लोकांनी माघार घे म्हटल्यावर कोणता स्वाभिमानी माणूस माघार घेईल? मी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणालो, “आलं ते आलं.”

घरी आल्यावर बायकोला, रुखमिणीला, सांगितलं. तिने तांदूळ निवडता निवडता वर न बघता सल्ला दिला, “महिनाभर कमी बोला म्हंजे झालं.” पुढे सगळ्या गावाने मला जे सल्ले दिले त्यांत हाच एक उपयोगाचा होता. तो मी घेतला नाही.

पहिला फटका कचेरीत बसला. तिसऱ्या दिवशी मला एक दिवसाची रजा हवी होती. अर्जात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं : ‘कामावर येण्याचा कंटाळा आला आहे.’ नायब तहसीलदार साहेबांनी बोलावून घेतलं.

“ढोमणे, अहो, पोट दुखतं म्हणून लिहा.”

“साहेब, पोट चांगलं आहे.”

“घरी कोणी आजारी असेल.”

“सगळे ठणठणीत आहेत.”

“मग एखादी आजी तरी वारली असेल की नाही तुमची?”

“वारली, साहेब. सत्तावन्न साली.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कंटाळा हे कारण कोणत्या नियमात बसतं ते त्यांना सापडेना, म्हणून त्यांनी अर्ज मार्गदर्शनासाठी वर भंडाऱ्याला पाठवला. आठ दिवसांनी तो शेरा घेऊन परत आला : ‘सदर कंटाळा तात्पुरता आहे की कायम स्वरूपाचा, याबाबत संबंधितांचा खुलासा घ्यावा.’ मी चार पानी खुलासा दिला. तो वर गेला, त्यावर आणखी शेरा आला. आवक-जावक माझ्याकडेच असल्याने माझ्या कंटाळ्याचं प्रत्येक जाणं-येणं मलाच नोंदवावं लागे. रजा मिळाली नाही ती नाहीच.

दुसरा फटका ताराचंदांना बसला. त्यांच्या मुलासाठी सिहोऱ्याहून सोयरीक आली होती. पाहुणे भले होते. मुलाच्या घरी चहा पिऊन, मग शेजारी चौकशी करावी म्हणून ते माझ्याकडे आले. मुलगा कसा आहे, असं त्यांनी सहज विचारलं. असल्या प्रश्नाला सबंध देशात एकच उत्तर असतं. मी मात्र म्हणालो, “पत्ते खेळतो. हरला की बापाशी भांडतो आणि जिंकला की घरीच येत नाही.” पाहुणे दुपारच्या एसटीने परत गेले.

संध्याकाळी ताराचंद आले. दारात चप्पल काढली, दोन्ही हात जोडले, कमरेत वाकले आणि म्हणाले, “बाबू, मी अतिशय नम्रपणे सांगून राहिलो. तुमच्या तंगड्या तोडीन.” मग माझ्या पायांना हात लावून गेले. व्रत मोडू नये म्हणून.

एवढ्यावर शहाण्या माणसाने आवरतं घेतलं असतं. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. रस्त्याने जाताना लोक बोलणं थांबवत, मला वाट देत. इतकी वर्षं मला कोणी वाट दिली नव्हती. दारू प्यालेला माणूस निदान दुसऱ्या सकाळी खाली मान घालून उठतो. सत्य बोललेला माणूस आदल्या दिवसापेक्षा ताठ उठतो. मला सत्याची चटक लागली होती. आणि चटक लागलेला माणूस जसा पुढे पुढे जातो, तसा मी गोदावरीबाईंपर्यंत गेलो.

गोदावरीबाई म्हणजे आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. विधवा बाई. तलावाच्या खालच्या अंगाला दोन एकर धानाची बांधी आणि एकुलता एक मुलगा, इश्वर. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं होतात. सात वर्षांपूर्वी ऐन धानकापणीत इश्वर एका नाटकमंडळीबरोबर गेला आणि चौथ्या दिवशी तोंडावरचा रंगही न पुसता घरी आला. बाई एकटी भारे वाहत होती. ती संतापून चार लोकांसमोर म्हणाली, “पुन्यांदा तोंड दाखवू नको मले.” इश्वरने आयुष्यात आईचं एवढं एकच ऐकलं. गोंदियाहून त्याची दोन कार्डं आली, मग काहीच नाही.

बाईला वाचता येत नव्हतं. एका दुपारी ती एक छापील कार्ड घेऊन आमच्या ओसरीवर आली. “इश्वरचं आलं वाट्टे. वाच ना बाबू.” ते बियाणं आल्याची सूचना देणारं कार्ड होतं. मी तोंड उघडलं आणि बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, “आई, मी खुशाल आहे. काळजी करू नको.”

असं ते सुरू झालं. त्यानंतर सहा वर्षं दर महिन्या-दोन महिन्यांनी मी कार्ड लिही, भैय्यालाल ते खाकी पिशवीतून काढून बाईच्या हातात देई, आणि बाई ते वाचून घ्यायला माझ्याकडेच आणी. मी इश्वरला भिलाईच्या कारखान्यात नोकरी लावली. क्वार्टर दिलं, त्यात नळ दिला. गरीब घरची पण चांगल्या वळणाची बायको करून दिली. बाईच्या आग्रहाखातर एक मुलगीही दिली. बाईने तिचं नाव आपल्या आईवरून पारबता ठेवलं, आणि ते नाव कळवणारं उत्तर मीच लिहून माझ्याच ट्रंकेत ठेवलं.

उत्तराबरोबर बाई पुरचुंडीही द्यायची. नव्या धानाचे पोहे, वाळवलेली बोरं, तिळाचे लाडू. पहिल्या दोन पुरचुंड्या मी खरोखरच भिलाईच्या काल्पनिक पत्त्यावर पाठवल्या. त्या परत आल्या. मग मी, रुखमिणी आणि भैय्यालाल मिळून त्या खाऊ लागलो. पारबतेसाठी शिवलेली चार झबली मात्र खाता येण्यासारखी नव्हती. आमच्या घरात लेकरू नव्हतं. रुखमिणीने ती ट्रंकेत तळाशी ठेवली होती, आणि अधूनमधून काही कारण नसताना ती बाहेर काढून पुन्हा घडी घालत असे. मी कधी विचारलं नाही.

राखीपौर्णिमा झाली आणि दोन दिवसांनी बाई ओसरीवर आली. “बाबू, या महिन्यात पत्र नाई आलं रे. तान्ह्या पोळ्याले पोरीसाठी लाकडाचा नंदी धाडाचा हाये. बाबूलालशेठच्या दुकानात पाहून आलो.”

मी म्हणालो, “मावशी, उद्या या.”

त्या संध्याकाळी मी सल्ला घेत फिरलो. मधुकररावांनी फलकाखाली उभं राहून सांगितलं, “ढोमणे, सत्यात अपवाद करणं म्हणजे उपासाला भात खाणं.” भैय्यालाल हादरला. “बाबू, सहा वर्साचा परोपकार हाये माहा. एका दिवसात काहून खराब करता?” रुखमिणी सगळ्यांत कमी बोलली. “साऱ्या गावाले खरं सांगा. तिले सोडा.”

मी म्हणालो, “व्रत म्हणजे व्रत.” आज मला आठवतं, हे म्हणताना मी आरशासमोर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी बाई आली. मी तिला पाटावर बसवलं आणि सगळं सांगितलं. चांगली वाक्यं तयार केली होती. तिला दुखवायचा हेतू नव्हता, तिच्यावरची माया, वगैरे. ती वाक्यं तिच्यापर्यंत पोचली की नाही कोण जाणे.

“मंग ते कॉटर?”

“नाही, मावशी.”

“नळ?”

“नाही.”

“सूनबी नाई?”

“नाही.”

“पारबता?”

मी मान हलवली.

“आत्ता तं तिले दात आले होते ना बाबू,” ती म्हणाली. “तूनच वाचलं.”

रुखमिणीने आतून ती चार झबली आणली आणि बाईच्या मांडीवर ठेवली. बाईने ती पदराखाली घेतली, भिंतीला धरून उठली. दारात थांबली.

“पोहे कोनं खाल्ले मंग?”

“आम्हीच,” मी म्हणालो.

“खवट तं नवते ना?”

आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तलावावर गेली. काठावरच्या बायकांनी पाहिलं, तिने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून झबली एक एक करून सोडली, डोक्यावरून तीन वेळा पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्याने घरी आली. नातीचं तीन दिवसांचं आणि मुलाचं दहा दिवसांचं सुतक तिने धरलं. मी तिला म्हटलं होतं, इश्वर कुठे आहे ते ठाऊक नाही. मेला असं म्हटलं नव्हतं. पण सहा वर्षं जो माझ्या अक्षरात जिवंत होता, त्याला मीच पुसल्यावर तिने दुसरं काय समजावं?

गल्लीतले लोक रीतीप्रमाणे भेटायला गेले. न जन्मलेल्या पोरीसाठी बायका रडून आल्या. मी गेलो नाही. जाऊन काय बोलणार होतो? तिसऱ्या दिवशी ताराचंद मला रस्त्यात भेटले. या वेळी हात जोडले नाहीत, वाकलेही नाहीत. म्हणाले, “माह्या पोराचं तं नुसतं लगन मोडलं, बाबू. तुमी तं लेकरू मारलं.”

श्रावण संपल्यावर मंडळाचा समारोप शाळेत झाला. बाबूलालशेठ मौनाच्या महतीवर पंचावन्न मिनिटं बोलले. माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. मधुकरराव म्हणाले, “ढोमणे यांनी सत्यासाठी शेजारधर्माचीही पर्वा केली नाही.” टाळ्या पडल्या. सद्गुणाचा हाच एक फायदा आहे. त्याने केलेल्या नुकसानाला टाळ्या पडतात. दुर्गुणाला निदान बोलणी खावी लागतात, त्यामुळे तो कधीतरी थांबतो. नारळ रुखमिणीने घरात घेतला नाही. तो दोन दिवस उंबऱ्यावर पडून होता, मग कोणीतरी उचलून नेला.

दिवाळी झाली. धान पिवळं पडलं, कापणी सुरू झाली. एका सकाळी मी कचेरीला निघालो असताना भैय्यालाल सायकल अंगणातच आडवी टाकून आत आला. त्याच्या हातात निळं अंतर्देशीय पत्र होतं. डोंगरगडचा शिक्का. पत्ता गोदावरीबाईंचा. पाठवणाऱ्याचं नाव इश्वर.

आम्ही दोघांनी ते तीनदा वाचलं. भैय्यालालने माझ्याकडे निरखून पाहिलं.

“बाबू, हे तुमी तं नाई लिवलं?”

“तू तर नाही?”

“मले कुठं एवढं लिवता येते?”

इश्वर डोंगरगडला तांदळाच्या गिरणीत हमाल होता. लग्न झालं होतं, मुलगी होती. तोंड दाखवू नको म्हणालीस म्हणून आलो नाही, मग इतकी वर्षं झाली की यायची लाज वाटू लागली, असं लिहिलं होतं. आता फुप्फुसं बिघडली होती. शेवटी होतं : ‘आई, मी येऊ शकत नाही. तू ये.’

आम्ही तसेच बांधीवर धावलो. बाई विळा घेऊन वाकलेली होती. ती उभी राहिली, पत्र सबंध ऐकलं.

“चांगलं लिवलं,” ती म्हणाली. “आगोदरच्यापेक्सा चांगलं.”

“मावशी, हे खरं आहे. शपथ घेतो.”

“तवाबी खरंच म्हणून वाचत होता ना तू.”

“मावशी, खरंच खरं हाये,” भैय्यालाल कळवळून म्हणाला. “मी स्वता टपालाच्या थैलीतून काढलं.”

“तवाबी तूनच आणत होता,” बाई म्हणाली, रागाने नाही. ती पुन्हा वाकली.

मी मधुकररावांना घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसून, स्वच्छ उच्चारात पत्र वाचलं. बाई म्हणाली, “गुरुजी, तुमालेबी लावलं का यानं या कामाले?” मधुकररावांचा निरहंकार तिथेच संपला, ते पाय आपटत परत गेले. ताराचंद आपली जीप घेऊन थेट बांधावर आले. “चाल मावशी, मी नेतो तुले डोंगरगडले. डोळ्यानं पाह्य.” बाईने त्यांच्याकडे, माझ्याकडे, भैय्यालालकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

“सारे मिळून माह्यासाठी एवढं करून राहिले बाप्पा,” ती म्हणाली. “मले समजते. पन माहं सुतक फिटलं. आता तेथं जाऊन कोनाचं तोंड पाहू? धान कापू द्या मले.”

सहा वर्षं खोटं बोललो, तिने शब्दावर शब्द विश्वास ठेवला. एक दिवस खरं बोललो, आणि त्यानंतर माझं काहीच खरं राहिलं नाही.

मग मी स्वतःच जायचं ठरवलं. साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवला. कारण : ‘शेजारणीचा मयत मुलगा अत्यवस्थ आहे.’ साहेबांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मंजूर लिहिलं.

तुमसर रोडहून पॅसेंजर धरली. डोंगरगडला गिरणीच्या मागे मजुरांच्या खोल्या होत्या. एका दारात पाच वर्षांची मुलगी चिंचोके मांडून बसली होती. मी इश्वरचं नाव घेतलं तसं तिने आत बोट दाखवलं. आत खाटेवर इश्वर होता. मी त्याला ओळखलं ते फक्त डोळ्यांवरून. त्याने मला पाहिलं आणि माझ्या मागे दाराकडे पाहत राहिला.

“माय नाई आली, बाबू?”

श्रावण कधीच संपला होता. पण संपला नसता तरी मी तेच बोललो असतो. “निघाली आहे,” मी म्हणालो. “धान पडलं आहे ना शेतात. दोन दिवसांत येते. ताराचंद आपल्या जीपने स्टेशनावर पोचवणार आहेत.”

“रागात हाये का अजून?”

“छे. दर महिन्याला तुझी आठवण काढते. तुझ्यासाठी पोहे बांधून ठेवते.”

हे शेवटचं तर अगदी खरं होतं. तो हसला. “नव्या धानाचे,” तो म्हणाला. मग त्याच्या बायकोने, चंद्रकलाने, त्याला पाणी पाजलं. मी दोन दिवस त्याच्याजवळ बसलो आणि बोलत राहिलो. माय आता तुमसर रोडला पोचली असेल, आता गोंदियाला गाडी बदलत असेल. सहा वर्षांचा सराव होता, कुठेही अडलो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे, गोंदिया सुटून डोंगरगड यायच्या आत, इश्वर गेला.

चंद्रकलाला मागे कोणी नव्हतं. दहावं झाल्यावर तिला आणि मुलीला, तुळसाला, घेऊन मी मोहाडीला आलो. एसटीतून उतरलो तेव्हा गल्ली दारादारांत उभी होती. गोदावरीबाई अंगणात सूप घेऊन पाखडत होती. मी सांगितलं, ही तुमची सून, ही नात, इश्वर गेला.

बाईने सूप बाजूला ठेवलं. चंद्रकलाच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मुलीच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग मला एका बाजूला घेतलं.

“कोनाचे लेकरं आनले रे बाबू?”

चंद्रकलाने इश्वरने सांगितलेलं सगळं सांगितलं. घरामागचं सीताफळाचं झाड, आजोबांची मोडकी कावड, लहानपणी विहिरीत पडलेली गाय. बाई ऐकत होती आणि मान हलवत होती. “हे सारं मीच लिवाले सांगत होतो बाबूले,” ती म्हणाली. “याले ठाव नाई असं माह्या घरात काय हाये?” शेजारणींनी मुलीचं नाक दाखवलं, हुबेहूब इश्वरचं आहे म्हणाल्या. “नाक सारख्याईले रायते,” बाई म्हणाली. फोटो नव्हता. सत्याचं सगळ्यांत वाईट म्हणजे त्याच्याजवळ अंगचा असा काही पुरावा नसतो. ते सांगणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असतं, आणि माझं तोंड सगळ्यांना माहीत झालं होतं.

मला वाटलं, आता ती दार लावून घेईल. तिने चंद्रकलाला विचारलं, “तुहा नवरा मेला हे तं खरं हाये ना?”

चंद्रकला रडू लागली.

“मंग ये घरात,” बाई म्हणाली. “पाय धू. पोरीले भूक लागली असन.”

त्या राहिल्या त्या राहिल्याच. बाई गावात सांगायची, ढोमणे बाबू खोटारडा आहे पण मनाचा चांगला आहे. कुठून तरी बिचारी विधवा उचलून आणली, राहू दे, मले एकटीले किती धान लागते. नातीला तर कोणीही जीव लावतं, त्यात कसला सद्गुण आला? तिने परक्या समजून लावला. मधुकररावांचा तो तांब्या अजून त्यांच्या फडताळात असेल. त्यात ही चिठ्ठी नव्हती.

माझ्या कंटाळ्याची फाईल पुढच्या वर्षीच्या मार्चात शेवटी निकाली निघाली. मला हवाबदल व्हावा म्हणून लाखांदूरला बदली मिळाली. तिथून मोहाडीला यायचं म्हणजे दोन एसट्या बदलाव्या लागत. येणं कमी झालं. शहाऐंशीच्या दिवाळीत रुखमिणी आणि मी आलो तेव्हा बाई खाटेवर होती. थकली होती. चंद्रकला तिचे पाय चेपत होती. तुळसा ओसरीवर मोठ्याने धडा वाचत होती, आणि बाई डोळे मिटून ऐकत होती.

“पोर हुशार हाये, बाबू,” ती म्हणाली. “सारं वाचते.”

“इश्वरवर गेली आहे, मावशी,” मी म्हणालो.

बाईने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं, आणि मला जवळ ये म्हणून खूण केली. मी वाकलो.

“तिच्यासमोर असं नोको बोलत जाऊ रे,” ती हळू आवाजात म्हणाली. “तिचा खरा बाप मेला हाये. तिले वाईट वाटन.”

“बरं, मावशी,” मी म्हणालो.